खोळीतला कंप्युटर

हिवरखेडजवळच्या जिनिंगवर मी वजनकाट्याच्या पावत्या काढायचो. ऐन हंगामात, पावती निघता निघता कंप्युटरचा पडदा निळा व्हायचा आणि बाहेर कापसाच्या गाड्या अडायच्या. कापसाला भाव नव्हता, रांगेतली माणसं आधीच चिडलेली. त्यांच्या शिव्या मी खायच्या.

मग अकोल्याहून दुरुस्तीवाला यायचा. त्याचं नाव विचारायची मला कधी इच्छाच झाली नाही. तो सीपीयू उघडायचा, रॅम काढून खोडरबरानं घासायचा, फुंकर मारायचा. एकदा पॉवर सप्लायही बदलला. त्याचा चहा संपेपर्यंत यंत्र झकास चालायचं. मग तो झाकण लावून वर त्याच्या बायकोनं शिवलेली जाड खोळ चढवायचा, नाडी आवळायचा आणि निघायचा. तो फाट्यावर पोचायच्या आत पडदा निळा.

शेवटी एकदा त्याच्यासमोरच मी खोळ ओढून काढली. "तापून बंद पडते हे. तुमी याले गोधडीत कावून गुंडाळून राहिले?"

"जिनिंगमंदी रुई उडते, बाबूजी," तो शांतपणे म्हणाला. "उघडं ठेवलं तं पंख्यात जाईन."

मी हट्टानं उघडंच ठेवलं. काही दिवस बरे गेले, मग पडदा पुन्हा निळा. तो आला. पंख्यातून चिमणीच्या घरट्याएवढा रुईचा गोळा ओढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. यंत्र सुरू झालं.

बाहेरून एक गाडीवान ओरडला, "झालं का जी?"

माझ्याआधी तोच बोलला, "झालं. बाबूजीले आता पटलं."

आणि खोळीची नाडी आवळू लागला.