माळावरून सौंदडला

माझ्या नणंदेला सौंदडच्या दवाखान्यात सुईणीची नोकरी लागली, तेव्हा ती गाडीनं जाणार हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आमच्या गोंदियाहून आगगाडी थेट सौंदडला जायची. पण ताई म्हणाली, माझी ट्रंक गाडीनं जाऊ द्या, मी सायकलनं जाते. नागपूरला शिकत असताना ती सायकल शिकली होती, आणि नोकरीत गावोगाव बाळंतपणं करायला तिला सायकल लागणारच होती.

माझे यजमान नाही म्हणाले. एकटी बाई, दोन मुक्काम, रस्त्यात सगळं रान. तेव्हा मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं की मी जाते सोबत. पोळपाटावरून मान वर करायचा मला धीर झाला नाही. सायकल मला ताईनंच शिकवली होती, भाताच्या गिरणीमागे, जिथं कोंड्याचे ढीग असायचे. पडलं तरी लागत नसे. नाकातोंडात कोंडा जायचा तेवढाच.

निकाल मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी दिला. चोरखमाऱ्याच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, घातली गेली तेव्हा ते तिथं मुकादम होते. ते मुलाला म्हणाले, "ती पाळ बायांनी डोक्यावर माती वाहून बांधली. दोन उन्हाळे त्या तिथंच उघड्यावर झोपल्या. या दोघींना काय धाड भरली?"

वाटही त्यांनीच आखून दिली. पहिला मुक्काम चोरखमाऱ्याच्या पाळीवर. तिथून डोंगर उजव्या हाताला ठेवून माळावरून गोरेगावचा रस्ता गाठायचा, आणि मग दक्षिणेला सौंदड.

फाल्गुन लागला होता. धान कधीच निघालं होतं, शेताच्या बांध्या कोरड्या पडल्या होत्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला, मागे वाकळ, तांदूळ, लाखोरीची डाळ, शिजवायला एक गंज आणि उलथनं बांधलं, आणि उजाडायच्या आत निघालो. ताईची सायकल बायकी होती. मी यजमानांची घेतली होती, तिच्यावर चढताना मला दगड किंवा ओटा शोधावा लागे. तिरोड्याच्या रस्त्यावर गाडीवान बैल थांबवून आमच्याकडे बघत होते. एकानं हिंदीत विचारलं की सर्कस कुठं लागली आहे. ताईनं त्याला सौंदडचा पत्ता दिला.

ऊन कलताना तलावावर पोचलो. चौकीदार म्हातारा होता. आम्ही तीन दगड मांडून चूल पेटवताना पाहून तो काठी टेकत आला.

"काऊन बाई, घरी मानूस नाही का? मोहाखाली अस्वल येऊन राहिलं."

ताईनं त्याला सांगितलं की आम्ही मोहाच्या झाडाखाली नाही, पाळीवर झोपणार. मामाजी इथं मुकादम होते हे मी सांगितलं. तेव्हा तो खाली बसला आणि त्याची बायको याच पाळीवर माती टाकायला होती म्हणाला. जाताना त्यानं आपल्या झोपडीतलं मोठं लाकूड आणून आमच्या चुलीत सारलं.

मला वाटलं होतं, डोळ्याला डोळा लागणार नाही. पण अंग इतकं शिणलं होतं की जाग आली ती सारसांच्या ओरडण्यानं. पाण्याच्या कडेला जोडी उभी होती, माणसाएवढी उंच. लग्नानंतर पहिल्यांदाच उठल्याबरोबर मला कुणाचा चहा करायचा नव्हता. मी तशीच वाकळ पांघरून बसून राहिले.

त्या दिवशी माळ लागला. झाड नाही, घर नाही. उजवीकडे लांब डोंगर आणि समोर नुसती जमीन. वारा तोंडावर येत होता. मध्ये कोणीतरी गवत पेटवून दिलेलं, त्यामुळे कोसभर सगळं काळं झालं होतं आणि गाडीवाट त्या राखेत मिसळून गेली. तिथंच ताईच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. ठिगळ होतं, पण ते चिकटवायच्या सोल्यूशनची नळी उघडली तर आत वाळून दगड. लढाईचे दिवस, ट्यूब तर दूरच, नळीसुद्धा जुनीच मिळाली होती.

ताई मटकन खाली बसली. ही बाई रात्री-बेरात्री बाळंतिणीच्या उशाशी न डगमगता उभी राहणारी; मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "वहिनी, माझं चुकलं. तुला कशाला आणलं मी इथं? चल, परत फिरू."

मी मागे पाहिलं. परत जायला जेवढी वाट, तेवढीच पुढे असणार. आणि घरी जाऊन काय सांगायचं, वाट सापडली नाही? मी तिला म्हटलं, "तू बस. मी येते."

नाल्याच्या काठी गवत जळायचं राहिलं होतं. ते ओंजळी-ओंजळीनं उपटून आणलं, ट्यूब काढली आणि टायरमध्ये गवत ठासून भरलं, उशीत कापूस भरावा तसं. ताई आधी बघत राहिली, मग डोळे पुसून उलथन्यानं टायर चढवायला लागली. मी अंगानं हलकी, म्हणून ती सायकल मी घेतली. ती दणके देत होती, पण चालत होती. नाला आला की सायकली खांद्यावर, वाळू आली की ढकलत. डोंगर मी उजव्या हाताचा सुटू दिला नाही. ताई मागून येत होती आणि वाट विचारत नव्हती.

ऊन उतरणीला लागलं तेव्हा एका चढावर मी पाय टेकले, आणि खाली तारेचे खांब दिसले, एकामागे एक, सरळ रांगेत. गोरेगावचा रस्ता. मी ताईला बोट करून दाखवलं. उतारावर तिनं दोन्ही पाय पॅडलवरून काढून लांब पसरले आणि मोठ्यानं हसत माझ्या पुढे निघून गेली. मीही ब्रेक सोडले. गवत भरलेलं चाक खडखडत होतं, पदर सुटून मागे उडत होता, आणि मी तो आवरला नाही.

दुसरा मुक्काम रस्त्याकडेच्या खळ्यात केला. तिसऱ्या दिवशी दुपारी सौंदड आलं. दवाखान्याच्या दारात कंपाउंडर उभे होते. नव्या बाईंची ट्रंक आली, बाई कुठं आहेत, म्हणून ते सकाळी स्टेशनावर जाऊन आले होते. आम्ही चोरखमाऱ्यावरून आलो हे त्यांना पटेना. मग ताईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जमलेल्या बायामाणसांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी हिंमत तिथंच संपली होती. वाट हिनं काढली."

घोळक्यातल्या एका आजीनं गवताचं चाक दाबून पाहिलं आणि मला विचारलं, "तुमी बी नर्सबाई काय?"

मी म्हटलं, नाही, मी हिची वहिनी. मग पायरीवर बसून आजीनं दिलेलं पाणी प्यायले. तळहात सोलवटले होते, आणि माझं हसू काही केल्या थांबत नव्हतं.