चुण्या गेलेले स्कर्ट

टेबलावर स्कर्टांच्या चळती लागल्या होत्या आणि एकालाही चुणी नव्हती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मरोळच्या एका गारमेंट एक्स्पोर्टवाल्याकडे मी चेकर होते. म्हणजे शिवलेल्या मालातली खोट शोधायची. आमच्या धंद्यात ‘फ्लॅट’ ही शाबासकी. कॉलर फ्लॅट, शिलाई फ्लॅट, की बायर खूश. ही ऑर्डर मात्र क्रश कॉटनची. कापड मुद्दाम चुरगळलेलं, त्या चुण्यांसाठीच बायर घेणार होता. सोमवारी त्याचा माणूस तपासायला येणार. आणि शुक्रवारी मी रजेवर असताना नव्या प्रेसवाल्याने, तात्यांनी, सगळा माल पाटासारखा सपाट केलेला!

“चुरगळलेले दिसले म्हणान सरळ केलंय गो, बाय,” तात्या रडवेले झाले. मिल बंद पडल्यावर किती वणवण करून त्यांना ही नोकरी मिळाली होती.

“सोमवारपासून येऊ नकोस!” शेठ त्यांच्यावर ओरडले.

मी भडकलेच. “त्यांना कुणी सांगितलं होतं का, शेठ? आधी माल वाचवू. माणसं काढायला सोमवार आहेच.”

“कसा वाचवणार? वाट लागली सगळी!”

“सॅम्पल केलं तसंच. ओला करायचा, दोरीसारखा पिळायचा, गाठ मारून उन्हात वाळवायचा.”

शनिवार, हाफ डे. शिलाईच्या बायका पर्स घेऊन निघाल्या होत्या. भांडुपच्या मंदाकडे तर त्या दिवशी मुलीला बघायला पाहुणे येणार होते. “संध्याकाळी येतायत गं. दे ती बादली,” म्हणाली. कुणीही का कू केलं नाही. आजही आठवलं की डोळे भरून येतात.

पिळायला दोघं लागतात, दोन टोकांना. गच्चीवर जोड्या जमल्या. तात्या एकटेच उरले.

“शेठ, धरा की!” मी म्हटलं.

शेठनी बाह्या सरसावल्या. आधी दोघं एकमेकांकडे बघेनात. मग तात्या हळूच म्हणाले, “शेठ, दोघांनी एकाच बाजूक फिरवल्यार पीळ कसो बसतलो?”

गच्ची खो खो हसली. शेठसुद्धा.

सोमवारी माल पास झाला. मंदाच्या मुलीचंही जमलं. त्या सगळ्यांचे उपकार मी या जन्मात विसरायची नाही. तेव्हापासून नवं कापड आलं की मी आधी प्रेसवाल्याला जाऊन सांगायची, हे सपाट करायचं की नाही.

तात्या त्या सोमवारी सकाळी भीत भीतच आले होते. शेठनी विचारलं, “हात दुखतायत?”

“दुखतत.”

“माझेपण. जा, इस्त्री तापव.”