सात महिने कुणी पोट दाबून पाहिलं नाही

“क्रोन्स आहे,” कन्सल्टंट म्हणाले. म्हणाले ते माझ्या बाबांना. मी दोघांच्या मध्ये खाटेवर पडले होते, हाताला सलाइन, वय वर्षं सतरा, आणि माझ्या आतड्याची बातमी माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली. बाबा दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर. डॉक्टरने डॉक्टरला सांगायचं, अशी ती रीत.

“मी इथेच आहे,” मी म्हणाले. “पोट माझं आहे. मला सांगा.”

बाबांनी डोळे वटारले. कन्सल्टंट मात्र खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसले. क्रोन्स डिसीज म्हणजे शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच आतड्यावर उलटते. आतडं सुजतं, आत जखमा होतात. हा आजार कायमचा जात नाही, पण औषधांनी ताब्यात राहतो. “काही विचारायचंय?” त्यांनी विचारलं. “शाळा बुडणार का?” एवढंच मला सुचलं.

हे लिहितेय ते मुख्यतः डॉक्टरांच्या घरात वाढणाऱ्या मुलामुलींसाठी. तुमची अवस्था मला चांगली माहीत आहे.

आम्ही पुण्याहून लंडनमधल्या हॅरोला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. इयर ट्वेल्व्हला, म्हणजे आपल्या अकरावीला, असताना नोव्हेंबरात पोट दुखायला लागलं. मग जुलाब, तोंडात छाले, स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला. आईने ओवा दिला, हिंगाचं पाणी दिलं, ताक पाजलं. बाबा म्हणाले, “ए-लेव्हल्सचं टेन्शन,” म्हणजे इथल्या बारावीच्या परीक्षेचं. मग त्यांनी वॉटफर्डच्या शिरीषकाकांना फोन लावला. शिरीषकाका हाडांचे डॉक्टर. त्यांनी बर्मिंगहॅमच्या एका मित्राला विचारलं, तो कानांचा. कप्पाळ माझं! तिघांनी मिळून फोनवर ठरवलं की हे नाजूक पोट आहे आणि दुखलं की आयबुप्रोफेन घ्यायची. याच आजारात ती गोळी टाळतात, हे मला नंतर कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आमच्याकडे तर तीन दिवे होते.

आमचीही नावं जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदलेली होती. पण घरात डॉक्टर असताना तिकडे जायचं म्हणजे बाबांचा अपमानच. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातली सगळीच डॉक्टर कुटुंबं असं करतात.

जूनमध्ये केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मला चक्कर आली. शाळेच्या नर्सने विचारलं, “जीपीला दाखवलंस?”

“माझे बाबा डॉक्टर आहेत.”

“ते नाही विचारलं मी.”

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर जीपीकडे गेले, एकटी. ती तरुण बाई होती. मला टेबलावर झोपवलं, “सॉरी, हात गार आहेत,” म्हणाली आणि तळवे एकमेकांवर घासून उजवीकडे खाली हळूच दाबलं. मी किंचाळले. “इथे गोळा लागतोय,” ती म्हणाली, “आणि हे तुझ्या मनाचे खेळ नाहीत.” मी तिथेच ढसाढसा रडले. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पोटाला हात लावला होता.

घरी सांगावंच लागलं, आणि पुढचं भराभर झालं. रक्ततपासणीत सूज दिसली. मग कोलोनोस्कोपी, म्हणजे मागच्या बाजूने नळी घालून कॅमेऱ्याने आतडं बघणं. नळीचं काही वाटत नाही. आदल्या दिवशी पोट साफ करायला जे लिटरभर प्यायला लावतात, ते मात्र शत्रूलाही देऊ नये. वेटिंग रूममध्ये सगळे साठीच्या पुढचे आणि मी शाळेच्या ब्लेझरमध्ये. नंतर हॉस्पिटलात ठेवून घेतलं आणि स्टेरॉइड्स सुरू झाली, सूज उतरवणारी जालीम औषधं. आतड्याची सूज उतरली आणि चेहऱ्याला चढली, टम्म पुरीसारखी.

घरी आल्यावर मंडळात सांगितलं गेलं की मृणालला व्हायरल झालंय. का तर जुलाबाचा आजार, मुलीची जात. आणि दुसरा हुकूम निघाला: मेडिसिन, म्हणजे डॉक्टरकीचं शिक्षण, बंद. “नाइट शिफ्ट्स, इन्फेक्शन्स, तुला झेपणार नाही,” बाबा म्हणाले. “फार्मसी कर, अकाउंटन्सी कर.”

खरं सांगू? आधी मला हायसं वाटलं. मी डॉक्टर होणार हे पाळण्यातच ठरलं होतं, मला कुणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण दोन दिवसांत डोकं तापलं. करायचं तेही यांनी ठरवायचं आणि नाही करायचं तेही यांनीच? मी हट्टाने मेडिसिनचाच अर्ज भरायला घेतला.

हॉस्पिटलात आमच्या आजाराची एक खास नर्स होती. तिला मी हे ऐटीत सांगितलं. ती हसली. “रागावर केलेला अर्ज मुलाखतीत पाच मिनिटं टिकेल. दुसरं काही कारण आहे?”

नव्हतं. मी अर्ज बाजूला ठेवला. सुट्टीभर विचार केला आणि पुन्हा पुन्हा ते गार हातच आठवत राहिले. सप्टेंबरात अर्जासोबतचा ‘डॉक्टर का व्हायचंय’ हा मजकूर नव्याने लिहिला आणि एका रविवारी सकाळी बाबांपुढे ठेवला. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो जायला हवा होता.

पहिलंच वाक्य होतं: माझ्यावर सात महिने तीन डॉक्टरांनी उपचार केले, पण एकानेही मला तपासलं नाही.

“हे पाठवणार तू?”

“हो. तुमचं नाव नाही घातलं.”

बाबांनी चष्मा काढला. पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. “तिघांत मी पहिला ना?”

“हो, बाबा.”

“झोप जरा सोफ्यावर. बघू पोट.”

“नाही. पोट बघायला माझे डॉक्टर आहेत. तुम्ही चहा करा.”

आई चहा करायला उठत होती, तिला मी हाताने बसवलं. बाबांनी चहा केला. भयंकर झाला होता. मी सगळा प्यायले आणि आठवड्याभरात अर्ज पाठवला.

चारपैकी तीन कॉलेजांनी नकार दिला. चौथ्याने विचारलं, “या तब्येतीत झेपेल?” म्हटलं, “आजार मला झालाय, तुम्हाला नाही. घेऊन तर बघा.” घेतलं.

आता मी चौथ्या वर्षाला आहे. मध्ये दोनदा आजार उलटला, एक परीक्षा उशिरा दिली. त्या जीपीचं नावही मला आठवत नाही, पण तिचे उपकार रोज आठवतात. वॉर्डात कुणाच्या पोटाला हात लावण्याआधी मी तळवे घासते. आणि माझ्या सरांना पेशंटला काही सांगायचं असेल, तर खुर्ची आधीच खाटेजवळ ओढून ठेवते, शेजारी पेशंटचा डॉक्टर जावई उभा असला तरी.