बंटीच्या फिल्ममधून काढलेला प्रसंग

श्रीधरजी मुजुमदार यांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. इंदूरच्या मिलचे भोंगे एकामागून एक बंद पडत होते, त्या काळातली गोष्ट. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. बडा गणपतीजवळच्या आमच्या घरी येऊन ते म्हणाले, त्यांच्या माहितीपटाला इंग्रजी सबटायटल्स हवीत. विषय विचारला, तर व्यसनातून बाहेर पडणारा एक रॉक गिटारवादक. कॉन्व्हेंटच्या नन्सनी मला व्याकरण यासाठी शिकवले नव्हते, असे मी सुनावले. श्रीधरजी शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या इंग्रजीबद्दल ऐकलंय. स्वभावाबद्दलही ऐकलंय. दोन्ही चालेल." मी काम घेतले.

गिटारवादकाचे नाव बंटी. वडील विणकर, मिल बंद झाल्यावर घरी बसलेले. बंटीचा बँड कॉलेजांमध्ये गाजत होता, तेव्हाच स्मॅकच्या नशेने त्याला धरले. मिल बुडाली तेव्हा ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, ते सगळे त्याला 'नशेडी' म्हणायला मात्र हजर. श्रीधरजी उपचारकेंद्रात त्याच्याकडे जात राहिले. पुष्कळदा कॅमेरा पिशवीतून निघतच नसे; निघे तो थालीपिठांचा डबा.

फिल्ममधल्या एका प्रसंगात बंटी सांगतो, की वडिलांची हार्मोनियम त्यानेच चोरून विकली. वडिलांचा संशय मात्र सांवेरला शेती करणाऱ्या धाकट्या भावावर होता, आणि दोघांचे बोलणे तुटले होते.

श्रीधरजींची पद्धत अशी, की फिल्म ज्याच्यावर केली त्याला ती आधी दाखवायची, आणि तो नको म्हणेल ते काढायचे. बंटी म्हणाला, "भिया, ये वाला निकाल दो. बाबांना हे टीव्हीवरून कळायला नको."

श्रीधरजींनी ते काढले. तो प्रसंग आधी कागदावर वाचलेल्या दिल्लीच्या टीव्हीवाल्यांनी फिल्म परत पाठवली. 'जान ही निकाल दी आपने,' असा वर शेरा. तो प्रसंग काढला म्हणून मी श्रीधरजींना वाट्टेल ते बोलले. सगळे ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "सांगायचं तेव्हा तो सांगेल, बाई. घाई आपल्याला आहे."

अख्खा हिवाळा गेल्यावर बंटीने वडिलांना सांगितले. ते सकाळची बस पकडून सांवेरला गेले आणि कितीतरी दिवस परतलेच नाहीत. त्या धसक्याने बंटी पुन्हा घसरेल म्हणून श्रीधरजी आपला बिछाना घेऊन त्याच्या घरी राहायला गेले. शेवटी दोघे भाऊ एकत्रच आले. काका ताटावर बसता बसता बंटीला म्हणाले, "विकायचीच होती तर मला विकायचीस रे. घरात तरी राहिली असती." वडील हसले, तेव्हा कुठे बंटी जेवला.

आज बंटी मुलांना गिटार शिकवतो. ती फिल्म नाकारणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

हा लेख छापायला देण्यापूर्वी बंटीच्या घरी जाऊन वाचून दाखवला. त्याने एक वाक्य काढायला सांगितले. साऱ्या लेखात तेच सर्वांत चांगले होते. काढले.

श्रीधरजी पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना उत्तम प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो, आणि आम्हा लिहिणाऱ्यांचे असे नुकसान त्यांच्यापायी अजून पुष्कळ वर्षे होत राहो.