पेडगावच्या शेतात लागलेला परदेश

काही छंदांत माणसाच्या घरात वस्तू साठत जातात. कुणाकडं नाणी, कुणाकडं काड्यापेट्या, कुणाकडं कुंड्या. आमच्या छंदात नुसते किस्से साठतात. त्यांना कपाट लागत नाही, म्हणून तर घरच्यांनी आम्हाला अजून सांभाळून घेतलंय!

छंद असा, की जुन्या एएम बँडवर लांबच्या देशांची स्टेशनं पकडायची. दिवस मावळला की या लहरी आभाळाला धडकून खाली येतात, अन् हजारो किलोमीटरवरचा माणूस आपल्या परभणी जिल्ह्यात येऊन बोलायला लागतो. पहाटेही तसंच. तो काय बोलतो ते आपल्याला कळत नाही. नाही कळलं तरी चालतं. तो आला, हे महत्त्वाचं! "मोबाइलवर सगळ्या जगाचे रेडिओ लागतात की राव," असं म्हणणारा एक तरी रोज भेटतो. त्याला आम्ही म्हणतो, "बाबा, बाजारातून मासे आणणं वेगळं, अन् दुधना नदीच्या काठी गळ टाकून बसणं वेगळं."

आम्ही चौघं. माझा परभणीत स्टँडजवळ फोटो स्टुडिओ. रहीममामू रेडिओ, मिक्सर, जे बिघडेल ते दुरुस्त करतात. आमचे उस्ताद तेच. जिंतूरच्या रत्नमाला सिस्टर सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. जन्मभर लोकांची छाती तपासून कान असे तयार, की खरखरीतून बाई बोलतीय का माणूस, हे त्या आमच्या आधी सांगतात. अन् चौथा पेडगावचा उद्धव. त्याच्या शेतातला आखाडा, म्हणजे रानातली झोपडी, हे आमचं हेडक्वार्टर, कारण शहरात एलईडी बल्ब अन् चार्जर रेडिओत इतके भुणभुणतात की परदेश सोडा, परभणी आकाशवाणीसुद्धा लागत नाही.

*

लाईट गेली की रेडिओ कसा स्वच्छ होतो! सगळं गाव अंधारात शिव्या देत असतं, तेव्हा आम्ही एकमेकांना टाळ्या देतो.

एकदा हिवाळ्यात लाईट जाईचना. संध्याकाळी उद्धवनं वैतागून लाइनमनला फोन लावला.

"भाऊ, लाईट कधी जाणार हाय?"

"कधी येणार" हे त्या माणसानं हजार वेळा ऐकलं होतं. "कधी जाणार" हे पहिल्यांदा!

"काय झालं दादा? काही चुकलं का आमचं?"

"चुकलं न्हाई ओ. जरासक घालवा की. तासभर तरी."

लाइनमनला वाटलं, हा टोमणा आहे, अन् याची वर कुठंतरी ओळख असणार. त्यानं असा धसका घेतला की पुढं सबंध आठवडाभर पेडगावची लाईट मिणमिणलीसुद्धा नाही. गावाला कळलं, उद्धवच्या एका फोननं हे झालं. मारुतीच्या पारावर त्याला बोलावून शाल घातली, नारळ दिला.

फोटो मीच काढला. सगळं गाव हसतंय, अन् मधोमध शाल पांघरून एकटा उद्धव रडकुंडीला आलाय!

*

मामूंच्या डोक्यात एकदा लांब तारेची अँटेना आली. तार जितकी लांब, तितका परदेश जवळ. शेजाऱ्यांना विचारून आम्ही बांधाबांधानं तार टाकली. कुणी अडखळून पडू नये म्हणून जागोजाग खुंट्या ठोकून लाल फडकी बांधली. तिथंच चुकलं.

सकाळी आखाड्यासमोर अर्धं गाव!

"रोड कुठून चाललाय?"

"कसला रोड? ही रेडिओची वायर आहे," मी म्हणालो.

"फोटोवाले, आमाला येडं समजायलाव का? रेडिओला एवढी वायर?"

दुपारपर्यंत तारेच्या दोन्ही अंगांनी आंब्याची रोपं लागली. रोडमध्ये झाड गेलं की त्याचा मोबदला वेगळा मिळतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एका आजोबांचा मात्र वेगळाच हट्ट. रोड त्यांच्या काळ्या रानातून जात होता, तो त्यांना पलीकडच्या माळावर सरकवून पाहिजे होता. रोज सकाळी यायचे अन् हात जोडून उभे राहायचे.

शेवटी मामूच कंटाळले. "चाचा, नक्को रोओ. लो, सरकाया!" म्हणत त्यांनी तार उचलली अन् तिरकी माळावर नेऊन टाकली.

त्याच संध्याकाळी रेडिओवर जपान लागलं! कधी नव्हे इतकं खणखणीत! आम्ही आखाड्यात नाचायला लागलो. ओरडा ऐकून आजोबा धावत आले. मी म्हणालो, "आजोबा, तार तिरकी केली अन् थेट जपान!"

आजोबा गावाकडं तोंड करून ओरडले, "मी मनलं नव्हतं? रोड इकडूनच बरोबर बसतो!"

*

हा प्रसंग मी किती वेळा सांगितला असेल, तरी उद्धव अजून रागावतो.

एका बारीक आवाजानं आम्हाला परेशान केलं होतं. टक्... टक्... टक्... बोलणं नाही, गाणं नाही, नुसती टकटक. मामूंनी डोळे मिटून ऐकलं अन् निकाल दिला, "ये घड़ी है. टाइम सिग्नल. रूस का!"

सगळ्यांच्या अंगावर काटा. रशियाचं घड्याळ आपल्या पेडगावात! फक्त आवाज जरा मोठा पाहिजे होता. उद्धव म्हणाला, शेजारी तुकारामच्या हरभऱ्याला तारेचं कुंपण आहे, चांगलं लांबलचक. आपल्या रेडिओची तार त्याला जोडली तर? रानडुकरांसाठी त्या कुंपणात बॅटरीवरचं झटका मशीन असतं. पण तुकाराम ते अंधार पडल्यावर चालू करतो, असा उद्धवचा समज. म्हणून दिवस बुडायच्या आत तो तार घेऊन निघाला. मी अन् मामू आखाड्यात रेडिओला कान लावून बसलो.

अन् उद्धवची आरोळी आली.

"लागलं का?" मी ओरडलो.

"लागलं! लागलं!"

"कसं लागलं?"

"लय जोरात लागलं!"

मी आनंदानं उडी मारली. "कुठलं लागलं रे?"

"तुकारामचं लागलं!"

धावत गेलो तर उद्धव हरभऱ्यात बसून हात झटकतोय. सिस्टर त्या दिवशी पेडगावातच होत्या म्हणून बरं. त्याला आखाड्यात आणल्यावर त्यांनी त्याची नाडी धरली, मग रेडिओकडं कान दिला, मग पुन्हा नाडी बघितली.

"उद्धव ठीक हाय," त्या म्हणाल्या. "अन् मामू, तुमचा रशिया तुकारामच्या झटका मशीनात हाय."

*

सिस्टरच्या सासूबाई, ज्यांना सगळे आत्याबाई म्हणतात, थकलेल्या. एक गुडघा साफ गेलेला. पण जिंतूरला सिस्टरच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी इराणचं एक स्टेशन लागायचं, अन् बातम्यांच्या आधी एक गंभीर आवाजातला माणूस चालीवर काहीतरी म्हणायचा. आत्याबाईंनी ते एकदा ऐकलं अन् हात जोडले. दुसऱ्या दिवशी रेडिओसमोर उदबत्ती. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाल्या, "सूनबाई, हे भजन लागलं की माझा गुडघा दुखायचा थांबतोय बघ."

अन् खरंच थांबला! आत्याबाई अंगणात फिरायला लागल्या. शेजारच्या दोन म्हाताऱ्याही येऊन बसायला लागल्या. एक तर दुखरा खांदा घेऊन यायची.

सिस्टरना राहवेना. नेमकं भजन तरी काय आहे? त्यांनी ते मोबाइलवर भरून मामूंना पाठवलं. मामूंचा भाचा आखातात नोकरीला, त्याच्याबरोबर इराणी लोक काम करतात. दोन दिवसांनी उत्तर आलं. ती ट्रकच्या टायरची जाहिरात होती!

सांगायचं कसं? पण खोटं बोलणं सिस्टरना जमत नाही. आत्याबाई उदबत्ती लावत असताना सिस्टर हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, हे भजन न्हाई ओ. टायरची जाहिरात हाय."

आत्याबाईंनी उदबत्ती ओवाळली, खोचली, अन् शांतपणे म्हणाल्या, "मंग बरोबरच हाय की. झिजलेल्याचंच औषध हाय ते!"

*

आमच्या छंदात एक रीत आहे. स्टेशन ऐकलं की त्यांना मेल करायचा, काय काय ऐकू आलं ते लिहायचं. त्यांना पटलं की तुम्ही खरंच ऐकलंय, तर ते एक सुंदर कार्ड पाठवतात. आता भाषाच कळत नाही तर लिहायचं काय? आम्ही आपलं लिहितो, "पुरुषाचा आवाज, बाईचा आवाज, संगीत." उद्धवला हे पसंत नाही. तो म्हणतो, समोरच्याला वाटलं पाहिजे की आपण मन लावून ऐकलं.

एकदा पूर्वेकडच्या एका बेटावरचं स्टेशन लागलं. उद्धव शेवटपर्यंत हलला नाही. मग त्यानं मला मेल सांगितला, मी इंग्रजीत टाइप करत गेलो. "तुमचा माणूस पहिल्यापासूनच तापलेला होता. बाई समजावत होती. तो ऐकेना. मग बाईचाही आवाज चढला. मग दोघंही गप्प, अन् बासरी वाजली. बासरीनंतर माणूस एकटाच बोलला. बाई परत आली न्हाई. आमी सगळे काळजीत हावोत. मिटलं का, ते कळवावं."

मी म्हणालो, "उद्धव, हे असं पाठवलं तर कार्ड येणार नाही."

"कार्ड जाऊ द्या ओ! ती बाई कुटं गेली ते इचारा!"

पाठवलं. बरेच दिवस काही नाही. मग एका दुपारी उत्तर आलं.

"आपण आमचं प्रसारण ऐकलं आहे, याबद्दल शंका नाही. तो मच्छीमारांसाठी हवामानाचा कार्यक्रम होता. मात्र तो सादर करणारे दोघं नवरा-बायको आहेत. अजून मिटलेलं नाही."

*

अन् हे गेल्या हिवाळ्यातलं.

झरीकडचे सखाराम अन् त्यांची बायको गंगाबाई यांच्या मेंढ्या उद्धवच्या रानात बसायला होत्या. मेंढ्या रानात बसवल्या की खत आपोआप पडतं, त्यामुळं उद्धव खूश. पण संध्याकाळी गावात लग्नाची वरात निघाली, डीजे लागला, फटाक्यांची माळ उडाली, अन् कळप बिथरला. जाळी तोडून मेंढ्या दाही दिशांना गेल्या.

मी अन् मामू पहाटेच्या स्टेशनांसाठी आखाड्यावर पोचलो तेव्हा तांबडं फुटत होतं. दोघं नवरा-बायको रात्रभर फिरून परत आलेले. गंगाबाई एक कोकरू मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याजवळ उरलेलं तेवढंच. हाका मारून मारून सखारामचा आवाज पार बसला होता. बोलायला गेले की नुसती हवा.

"ज्याच्या जिवावर पोट भरायचं, तेच गेलं बघा," गंगाबाई म्हणाल्या. त्या रडतही नव्हत्या. उद्धव मान खाली घालून उभा. लग्न त्याच्याच भावकीतलं.

अशा वेळी रेडिओ कोण ऐकतंय? पण मामूंचा हात सवयीनं गेला, अन् रेडिओ चालू झाला. उत्तरेकडचं कुठलंतरी लांबचं स्टेशन. पूर्वी कधी न ऐकलेलं. आधी वारा वाहावा तशी खरखर, मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज. गाणंही नाही, बोलणंही नाही.

"ट्रर्रर्रर्र... हौऽऽ... हौऽऽ..." मग एक लांब शिट्टी.

गंगाबाईंच्या मांडीवरच्या कोकरानं कान टवकारले. उडी मारली, अन् थेट रेडिओपाशी जाऊन उभं राहिलं.

सखारामनी मामूंचा दंड धरला. आवाज नव्हताच, हातानंच खूण केली, मोठा करा!

उद्धवकडं पाखरं हाकलायचा भोंगा होता. मामूंनी रेडिओ त्याला कसा जोडला ते मला आजही सांगता येणार नाही, पण जोडला. अन् त्या परक्या म्हाताऱ्याची हाक पेडगावच्या शिवारभर घुमायला लागली. ट्रर्रर्रर्र... हौऽऽ...

आधी तुरीतून दोन डोकी वर आली. मग उसातून सळसळ. मग कॅनॉलच्या अंगानं एक रांगच्या रांग. काळ्या मेंढ्या, धुक्यातून, खाली मान घालून, शाळा सुटल्यासारख्या चालत आल्या अन् भोंग्याभोवती गोळा झाल्या. गंगाबाई एकेकीच्या पाठीवर हात ठेवत मोजायला लागल्या. आता त्या रडत होत्या. मोजून झालं. थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सगळ्या भरल्या का?" उद्धवनं घाबरत विचारलं.

"भरल्या."

"मंग?"

"एक जास्तीची हाय."

आम्ही बघितलं. काळ्या कळपात मधोमध एक उभी होती. पांढरीशुभ्र, बुटकी, कान एवढेसे, अन् अंगावर गादीसारखी जाड लोकर. तशी मेंढी ना पेडगावात, ना झरीत, ना आख्ख्या जिल्ह्यात कुणी पाहिलेली. ती शांतपणे रवंथ करत रेडिओकडं बघत होती.

शेवटी सखारामनी घसा खाकरून होता नव्हता तेवढा आवाज गोळा केला.

"मामू, आधी तो रेडिओ बंद करा. त्या म्हाताऱ्याच्या बाकीच्या बी तिकडून निघाल्या असतील. बसवायच्या कुटं?"