वाफेच्या मशीनची किल्ली

दवाखान्यात काम करणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. ते मळक्या चादरींसारखे आपोआप साचतात. सकाळी ढीग उपसला की संध्याकाळी नवा तयार! आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, सौंसरला, बोरगावच्या बाजूला. खाटा तीस. मी तिथे अठरा वर्षांपासून सिस्टर आहे. ड्यूटी संपली की गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर आमची बैठक बसते, आणि गेल्या वर्षी वाफेनं साफसफाई करायचं मशीन आल्यापासून तिथे दुसरा विषय निघत नाही.

*

मशीन येण्याआधी इन्फेक्शनवर आमचा एकच उपाय होता. संत्रीबंदी!

सिझेरियनच्या बाईचे टाके पिकले की आम्ही आधी विचारायचो, आंबट काय खाल्लं? आता सौंसरमध्ये कोणत्या घरात संत्रं नसतं? बाई मान खाली घालून कबूल करायची आणि आमचा तपास संपायचा. वॉर्डाच्या दारावर पाटीच लावली होती, 'आत संत्री आणू नयेत.' पोछ्याची बादली मात्र त्याच दारातून आत जायची आणि बाळंतिणींच्या खाटांपासून संडासापर्यंत एकाच पाण्यावर फिरून यायची. तिला पाटी नव्हती.

शांताबाई आमच्याकडे सफाईला आहे. तिच्या थोरल्या मुलीचं सिझर आमच्याकडेच झालं आणि टाके पिकले. पोरगी दीड महिना ड्रेसिंगला येत होती, बाळाला मांडीवर घेता येत नव्हतं. केसपेपरवर मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'पथ्य पाळले नाही.'

शांताबाई एवढंच म्हणाली, "सिस्टर, तिले मी संत्र्याची फोडही नाही देल्ली."

 अजूनही त्या ओळीची मला लाज वाटते.

*

मशीन आलं तेव्हा शांताबाईच्या धाकटीला, करुणाला, चौथा महिना होता. म्हणून मशीनच्या उद्घाटनाला सगळ्यांत आधी हजर होती ती शांताबाई.

उद्घाटन ट्रस्टच्या अध्यक्षांच्या हस्ते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. राहतात पांढुर्ण्याला, पण जीव इथे अडकलेला. कार्यक्रम थेट ऑपरेशन थिएटरमध्ये ठेवला होता. मशीनला हळदकुंकू लागलं, हार पडला, उदबत्ती पेटली आणि भाऊसाहेबांनी थिएटरच्या फरशीवर नारळ फोडला. चपला कोणीच काढल्या नव्हत्या.

दुपारपर्यंत नारळाच्या पाण्याला मुंग्या लागल्या. मी म्हटलं, मशीन लावू या. भाऊसाहेब म्हणाले, आजच पूजा झाली आहे, आज त्याला हात लावायचा नाही. मग जंतूंचा नायनाट करणाऱ्या मशीनचं उद्घाटन शांताबाईनं पोछ्यानं पुसून काढलं.

*

दुसऱ्या दिवशी नागपूरहून एक मुलगा शिकवायला आला. त्यानं सांगितलं, हात सावकाश चालवायचा, एका जागी वाफ नीट बसू द्यायची, मग स्वच्छ कपड्यानं टिपायचं. आमच्या वॉर्डबॉयनं झाडूसारखा सपासप हात मारला. शांताबाईनं मात्र इस्त्री फिरवावी तसा फिरवला. तोंडानं आकडे मोजत एक खाट तिनं तासाभरात केली. सांध्यासांध्यातून काळं पाणी गळलं आणि खाट निळी निघाली.

अठरा वर्षं मी त्या खाटा करड्या समजत होते!

भाऊसाहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी खाटेवर बोट फिरवलं आणि चेहरा पाडला. "रंग काढून टाकला ना बाप्पा तुम्ही."

त्या दिवसापासून मशीन कुलपात गेलं. किल्ली भाऊसाहेबांच्या खिशात, आणि भाऊसाहेब पांढुर्ण्याला. आमच्याच हातानं आम्ही मशीन घालवून बसलो.

*

मधे एकदा मशीन बाहेर निघालं होतं, नाही असं नाही. दिवाळीच्या आधी भाऊसाहेब ते गाडीत घालून घरी घेऊन गेले. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चिकट झाला होता म्हणे. आठ दिवसांनी परत आलं तेव्हा नळीला तेल लागलेलं होतं. वाफ सोडली तर थिएटरभर चिवड्याचा वास.

डॉक्टरसाहेब मास्क लावून आत आले, थांबले आणि विचारलं, "आज पेशंटला उपाशी ठेवलं आहे ना? मग मला का भूक लागून राहिली?"

*

वासाचा प्रश्न तसा आधीपासूनचाच. वाफेनं पुसलेल्या वॉर्डाला वासच नसतो. आमच्या नातेवाइकांना फिनाइल नाकात झोंबल्याशिवाय दवाखाना साफ वाटत नाही. मशीन फिरलं त्या पहिल्याच दिवशी एका आजोबांनी तक्रार केली की इथे झाडझूड होत नाही.

शांताबाईनं उपाय काढला. दाराच्या कोपऱ्यात वाटीत फिनाइलचा बोळा ठेवून दिला. आजोबांनी दुसऱ्या दिवशी दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, आता कसं बरं वाटलं.

*

पण मशीनच कुलपात, तर बोळा ठेवून काय होणार? करुणाला सातवा लागला. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, बाळ आडवं आहे, वळलं नाही तर सिझर लागेल. शांताबाई त्या दिवशी टपरीवर चहा न पिता नुसती बसून होती. मग तिनं मला विचारलं, भाऊसाहेब कशाला भितात?

मी म्हटलं, सरकारी इन्स्पेक्शनला. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तर फारच. पूर्वी टीम लांबच्या छिंदवाड्याहून यायची, बातमी आधी पोचायची. आता काही भरवसा नाही.

दोन दिवसांनी चहावाल्यानं मला हळूच सांगितलं, बोरगावच्या चौकात पांढरी गाडी थांबली होती, दवाखान्याचा रस्ता विचारून राहिले होते. त्याला कोणी सांगितलं, तर शांताबाईनं. मी पुढे विचारलं नाही. तासाभरानं भाऊसाहेब स्वतः किल्ली घेऊन हजर! मशीन निघालं, दिवसभर चाललं. टीम आली नाही. संध्याकाळी भाऊसाहेबांनी कुलूप लावलं आणि परत गेले.

मग दर सोमवारी आणि गुरुवारी बोरगावच्या चौकात पांढरी गाडी दिसायला लागली. चहावाला सांगायचा, कंपाउंडर घाबरायचा, ऑफिसमधून फोन जायचा, भाऊसाहेब यायचे. शांताबाई सावकाश आकडे मोजत खाटांमागून खाटा करायची. तीसही खाटा निळ्या झाल्या. ट्रस्टच्या मीटिंगमध्ये भाऊसाहेबांनी अभिमानानं सांगितलं, आपली तयारी एवढी कडक आहे की टीम बाहेरूनच पाहून परत फिरते.

पिकलेले टाके कमी होत गेले. इतके, की मी एक दिवस खुर्चीवर चढून संत्र्याची पाटी काढली. कोणी विचारलंसुद्धा नाही.

*

बाळ काही वळलं नाही. करुणाचं सिझर एका सोमवारी सकाळी ठरलं. त्या दिवशी बोरगावला एक नाही, दोन गाड्या दिसल्या. भाऊसाहेब उजाडताच आले. शांताबाईनं थिएटर केलं, टेबल केलं, करुणाची खाट केली, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. मुलगी झाली. बाळ ठणठणीत, आईही ठीक. पण आम्हा दोघींना माहीत होतं, खरी परीक्षा टाक्यांची.

पुढच्या सोमवारी टाके काढायचे होते. शांताबाई शेजारच्या खाटेवर मशीन चालवत होती, पण डोळे माझ्या हाताकडे. मी पट्टी सोडली. टाके कोरडे, लाली नाही, काही नाही. एकेक टाका काढला आणि मला रडू आलं.  शांताबाईनं कमरेच्या पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं आणि करुणाच्या हातात फोड दिली.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. खिडकीतून पाहिलं तर पांढरी गाडी! पांढुर्ण्याहून टीम आली होती. खरीखुरी.

पुढे एक मॅडम, हातात फाइल. भाऊसाहेब सकाळपासून वॉर्डात बसलेलेच होते. दोन महिने सोमवार-गुरुवारच्या चकरा मारून ते वैतागले होते. मॅडम आत पाऊल टाकतात तोच त्यांनी हात जोडले.

"मॅडम, आल्या एकदाच्या आत! हप्त्यातून दोनदा येऊन राहिल्या अन् चौकातूनच वापस जाऊन राहिल्या. आमचं काही चुकलं काय?"

मॅडमनी फाइलवरून मान वर केली. म्हणाल्या, मी तर या रस्त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आले आहे.

 वाफेचा आवाज चालूच होता. भाऊसाहेबांनी मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग शांताबाईकडे पाहिलं.

शांताबाईनं हात थांबवला नाही. चालू खाटेचे आकडे पुरे मोजले, आणि मग म्हणाली,

"साहेब, त्या दुसऱ्या मॅडम असतीन."