न मोजलेलं बाळंतपण

आमच्या घरांत जे मूल रडलं नाही ते मोजत नाहीत. माझ्या लेकीचं पहिलं सहाव्या महिन्यातच झालं आणि रडलं नाही. पुन्हा दिवस गेले तेव्हा विहीणबाई तिला पहिलटकरीणच म्हणू लागल्या. पहिलटकरणीलाच सातव्यात बांगड्या भरतात, आणि गेलेल्याचं नाव काढलं तर पोटातलं घाबरतं, असं त्या मानतात. मीही मानत होते.

पाचव्या महिन्यात आम्ही तिघी आमच्या साक्कोट्टै गावाहून कुंभकोणमच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तमिळमध्ये विचारलं, "पहिलं का?"

लेकीआधी विहीणबाईच बोलल्या, "पहिलं, अम्मा."

पुढल्या महिन्यात या, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सोडलं.

परतीची बस लागली होती. चढता चढता लेक मला म्हणाली, "आई, खाली जड वाटतं. मागल्या वेळेसारखं."

मी तिला घेऊन दवाखान्याकडे मागे वळले.

"आता काय राहिलं?" विहीणबाई म्हणाल्या. "घरात तुमच्या तोंडून शब्द निघत नाही, तिथं काय बोलणार?"

"बघते," म्हटलं.

डॉक्टरीणबाईंसमोर दुसरी बाई बसली होती. मी दारातूनच बोलले, नाहीतर बोलणं झालंच नसतं. "अम्मा, पहिलं नाही. एक सहाव्यात गेलं."

त्या लिहायच्या थांबल्या. "कळा आल्या होत्या?"

"नाही. कळांशिवायच."

त्यांनी लेकीला लगेच आत घेतलं. आतून स्कॅन करून पिशवीचं तोंड मोजलं. ते आखूड झालं होतं. "एक असं गेलं असलं की दुसरंही लवकर यायचा धोका असतो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आम्ही विचारतो." रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पिशवीच्या तोंडाला टाका घातला, तरी खात्री कुणी दिली नाही.

लेक माझ्याकडे राहिली. विहीणबाई माझ्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत. सातव्यात मात्र काचेच्या बांगड्या घेऊन आल्या. कुणाला बोलावलं नव्हतं. लेक पलंगावर, त्या कडेला बसून बांगड्या चढवत होत्या. शेजारीण डोकावली. "पहिलंच ना?"

विहीणबाईंचा हात थांबला.

"दुसरं," त्या म्हणाल्या. मग लेकीला म्हणाल्या, "हात सैल सोड गं."

आता आठवा लागला आहे. लेक कूस वळते तेव्हा बांगड्या वाजतात. मी चुलीपाशी हातातलं काम सोडून ऐकते, ती हाक मारते का.